मित्र मेसेजला उत्तर देत नाही, तरी त्याच्या घरी जावं का?

तुम्ही लिहिलंय की जिवलग मित्राचं दुकान कर्जात बुडालं, वर्ष झालं तो चर्चला येत नाही, तुम्ही रोज सकाळी त्याला बायबलमधलं एक वचन पाठवता आणि तो साधं उत्तरही देत नाही. आणखी काय करायचं, की आता देवावर सोपवून गप्प बसायचं, असं तुम्ही विचारलंय.

जावं. नक्की जावं. मी हे त्या मित्राच्या बाजूने सांगते आहे, कारण त्याच्या जागी एकेकाळी आम्ही होतो.

काही वर्षांपूर्वी माझे मिस्टर जिथे हिशेब बघायचे तिथे पैशांची तफावत निघाली आणि सगळ्यांची बोटं यांच्याकडे वळली. यांचा दोष नव्हता हे ठरेपर्यंत दोन वर्षं गेली. त्या काळात मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, आम्हाला कुणी वावगं बोललं नाही. पण रविवारी आमच्या बाकावरची जागा रिकामी राहायला लागली. लोक सलाम करायचे, ‘प्रार्थनेत आठवण करतो हं’ म्हणायचे आणि पुढे सरकायचे. मोबाइलवर वचनं मात्र खूप यायची. हे ती न वाचता फोन पालथा ठेवून द्यायचे. वचनावरचा विश्वास उडाला होता असं नाही. उत्तर काय लिहायचं, हेच त्यांना सुचत नव्हतं. ‘आमेन’ लिहिलं तर खोटं वाटायचं आणि खरं लिहायचं तर सगळंच लिहावं लागलं असतं. तुमच्या मित्राचंही असंच काही होत असेल.

आमच्या मंडळीत एक निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. ते दर गुरुवारी संध्याकाळी सायकलवरून यायचे. दारात उभे राहून पहिलं वाक्य ठरलेलं, ‘दळण आहे का?’ मी गिरणीत जाणं सोडलं होतं, कारण मी रांगेत उभी राहिले की बायकांचं बोलणं थांबायचं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, गुरुजींच्या ते लक्षात आलं होतं. ज्वारीचा डबा कॅरिअरला जुन्या ट्यूबने आवळून बांधायचे आणि अर्ध्या तासात परत. पीठ अजून गरम, गुरुजींच्या शर्टाच्या बाह्या पांढऱ्या. मग चहा, पावसाच्या, कांद्याच्या भावाच्या गप्पा. निघताना दोन मिनिटं प्रार्थना, तीत आम्हा चौघांची नावं. ‘नेमकं झालं काय?’ असं त्यांनी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. कधी कधी मिस्टर खोलीतून बाहेरच यायचे नाहीत. गुरुजी माझ्यासोबत चहा घेऊन निघून जायचे आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा हजर.

त्याच दिवसांत बायबलमधलं, प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पाठवलेलं दुसरं पत्र मी नव्याने वाचलं. पौल रोममध्ये कैदेत आहे. आसिया प्रांतातल्या सगळ्यांनी पाठ फिरवली असं तो लिहितो. देमास नावाचा सोबती सोडून गेलेला, पहिल्या सुनावणीला बाजूने कुणीही उभं राहिलं नाही. आणि त्यातच अनेसिफराचं नाव येतं. या माणसाबद्दल आपल्याला फार थोडं ठाऊक आहे. इफिस शहरात त्याने पुष्कळ सेवा केली, रोमला आल्यावर पौलाला कसून शोधून काढलं, वारंवार त्याला हुरूप दिला आणि पौलाच्या बेड्यांची लाज धरली नाही. एवढंच. बेडीतल्या माणसाचा पत्ता विचारत अनोळखी शहरात फिरायचं म्हणजे आपल्यावरही संशय ओढवून घ्यायचा. आमच्या घरापुढे दर गुरुवारी सायकल लावणाऱ्या गुरुजींनाही गल्ली बघतच होती.

त्याच पत्रात शेवटी पौल तीमथ्याला सांगतो की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकं आण आणि हिवाळ्याच्या आत ये. नीतिमत्त्वाच्या मुकुटाची गोष्ट करणारा प्रेषित चारच ओळींनंतर थंडीचा कपडा मागतो, हे वाचून मी रडले होते. तुमच्या मित्राचाही असा एखादा झगा कुठेतरी अडकलेला असणार. मुलांची फी असेल, बँकेत एकट्याने जायची धास्ती असेल, आईची औषधं असतील. तो स्वतःहून सांगणार नाही. घरी जाऊन बसल्याशिवाय ते दिसतही नाही.

काय बोलायचं याची काळजी करू नका. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे तिघे मित्र त्याच्याजवळ सात दिवस, सात रात्री जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तिथपर्यंत त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनी कारणं द्यायला सुरुवात केली आणि शेवटी देवाचा कोप ओढवून घेतला. हे मी स्वतः केलेलं आहे. मैत्रिणीचं बाळ गेलं तेव्हा ‘देवाची काही योजना असेल गं’ असं मी तिला म्हणाले. तिने माझ्या हातातला आपला हात काढून घेतला. पुढे मी तिची माफी मागितली, तिने केलीही, पण तो हात मला आजही आठवतो.

एक कळकळीची विनंती. मित्राचं कर्ज, त्याच्या घरातली भांडणं हे त्याला न विचारता प्रार्थनासभेत किंवा मंडळीच्या ग्रुपवर विनंती म्हणून मांडू नका. आमची निम्मी बदनामी अशा प्रार्थनाविनंत्यांतूनच पसरली, आणि ती करणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती.

तुम्ही थकाल, हेही धरून चाला. लढाई चालू असताना वर धरून ठेवलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा त्याला बसायला धोंडा दिला आणि अहरोन व हूर एकेका बाजूला उभे राहिले. एकाने दोन्ही हात धरले नाहीत. मित्राच्या मर्जीतला आणखी एखादा माणूस सोबत घ्या. आणि त्याला झोप लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं तो बोलत असेल, तर त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा, स्वतः बरोबर जा. यात विश्वास कमी पडला असं समजू नका. त्या कैदेत पौलाजवळ एकटा लूक उरला होता आणि लूक वैद्य होता.

तेव्हा येत्या रविवारी उपासना सुटली की सरळ त्याच्या घरी जा. आज का आला नाहीस, असं विचारू नका. उन्हातून आलोय, आधी पाणी दे, म्हणा आणि बसा. उठताना पुढच्या खेपेचा वार सांगून या.