रस्त्याखालून पाइप: मशीन नंतर, आधी हद्द

भाऊ, तुम्ही लिहिलंय की तुमची विहीर रस्त्याच्या अलीकडे, केळी पलीकडे, आणि रस्ता न फोडता खालून आडवं ड्रिल मारणारा मशीनवाला म्हणतोय "दोन दिवसांत पाइप आरपार". वाचून जुनं दुखणं वर आलं. तो खोटं बोलत नाही. आधी बारीक भोक (पायलट बोअर), मग ते रुंद करणारा रीमर, मग पाइप ओढणं, हे खरंच लवकर उरकतं. आमचं घोडं अडलं ते कार्यालयात. नाव घेत नाही.

अर्ज दिला तर म्हणे रस्ता दुसऱ्या खात्याकडे वर्ग झालाय. तिकडे गेलो तर म्हणे ताबा अजून आलेला नाही. उन्हाळा असाच गेला, केळी करपली, घड पोसलेच नाहीत. शेवटी परवानगी आली. तिच्यात खोली होती, अनामत होती. रस्त्याची हद्द कुठे संपते तेवढंच नव्हतं. विचारलं तर "नकाशात बघा", आणि नकाशा कुणी दाखवेना. पाइप पडला, त्याच्या टोकाला जोडणीचं चेंबर बांधलं. वर्ष सरायच्या आत त्याच कार्यालयाचा माणूस खुंट्या रोवत आला: चेंबर रुंदीकरणात जातंय, स्वखर्चाने हलवा. परवानगीच्या अटींत हे कलम होतंच, त्यामुळे भांडायलाही तोंड नाही.

म्हणून माझं मत (मी वकील नाही, शेतकरी आहे): रस्त्याच्या मध्यापासून दोन्हीकडची हद्द किती मीटर आणि रुंदीकरण प्रस्तावित आहे का, हे लेखी मागा. देत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. ड्रिल तिरपं शिरतं, म्हणून मशीन तसंही मागे लावावं लागतं. चेंबर हद्दीबाहेर राहील इतकं अजून मागे घ्या, पाइप जास्त लागला तरी लागू द्या.

जमिनीसाठी शेजारच्या विहिरीचे थर बघा. तापीकाठच्या गाळात काम सोपं. सातपुड्याच्या पायथ्याला गोटे लागले की बोअर ढासळतं, वाटही सोडतं. धुळ्याकडचा काळा पाषाण असेल तर साधं बिट (ड्रिलचं टोक) चालणार नाही, त्याचा दर आधीच ठरवा. रस्त्याकडेला ओएफसी (फोन-इंटरनेटची) केबल बहुधा असतेच. २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आहे, त्यावर कळवून ठेवा.

ड्रिलला वापरायचं बोअरवेलचं पाणी जड (क्षारांचं) असेल तर बेंटोनाइटच्या (भोक ढासळू न देणाऱ्या मातीच्या) आधी त्यात सोडा ॲश टाकायला लावा, नाहीतर ते नीट फुगत नाही. रीमर पाइपच्या व्यासाच्या साधारण दीडपट हवा. आणि ओढलेला एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप ताणलेला असतो, नंतर आखडतो. रात्रभर तसाच राहू द्या, टोकं दुसऱ्या दिवशी जोडा. मशीनवाल्याला निघायची घाई असते, ऐकू नका.