वाचकांचे प्रश्न : बंद पडलेल्या कालव्याच्या काठानं एक दिवस

प्रश्न : ताई नमस्कार, मी शहापूर, बेळगावचा. पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालोय. मुलगा इंग्लंडात ग्लॉस्टरला असतोय, मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडं चाललोय. तो म्हणतोय स्ट्राउडजवळ एक जुना बंद पडलेला कालवा आहे, लोक परत चालू करायलेत, एक दिवस काठानं चालत जाऊया. अख्खी नोकरी धुपदाळच्या बंधाऱ्यापासनं खाली कालव्यावरच गेली, आता तिकडं जाऊन बंद कालवा काय बघायचा? आणि हिचा गुडघा दुखतोय, तिला झेपेल का?

उत्तर : काका, जावा, नक्की जावा. मी मागच्या वर्षी लेकीकडं गेले होते तेव्हा सकाळी निघून संध्याकाळपर्यंत हीच वाट चालले, आणि खरं सांगते, कालव्यावर नोकरी केलेल्या माणसाला तिथं माझ्यापेक्षा दुप्पट दिसेल.

पहिली गोष्ट, तो शेताला पाणी द्यायचा कालवा नव्हेच, तो बोटींसाठी खणलेला. खालचा भाग १७७९ला झाला, तो सेव्हर्न नदीकडनं स्ट्राउडपर्यंत, आणि पुढचा १७८९ला, तो डोंगर ओलांडून थेट थेम्स नदीला जाऊन मिळायचा. कोळसा, माल सगळं बोटीतनं, आणि बोट ओढायला काठावरनं घोडा. आता बोट डोंगर कशी चढणार? तर लॉक. दगडी हौद, दोन्ही टोकाला लाकडी दारं, बोट आत घ्यायची, खालचं दार बंद करायचं, वरनं पाणी सोडायचं की बोट आपोआप वर. स्ट्राउडपासनं डेनवेपर्यंत असे २८ लॉक आहेत आणि मिळून जवळजवळ ७३ मीटरची चढण. आपला गोकाकचा धबधबा ५२ मीटर, म्हणजे बघा, गोकाकच्या धबधब्यापेक्षा उंच कोळशानं भरलेली बोट चढवायची, तीही नुसत्या पाण्याच्या जोरावर! मी तर तिथं उभी राहून गोकाकच आठवत होते.

माझं ऐकाल तर स्ट्राउडपासनं सुरू करू नका, उलटं या. रेल्वेनं केंबल स्टेशनला उतरा, तिथनं कोट्सला बोगद्याच्या तोंडाशी जावा. देवळासारखे खांब आहेत, बाजूला दोन रिकामे कोनाडे, आणि समोर कालव्यात मी गेले तेव्हा नुसता चिखल आणि पाला. बोगदा साडेतीन किलोमीटरचा, आत घोड्याला वाटच नाही, त्यामुळं घोडा डोंगरावरनं न्यायचा आणि माणसं बोटीवर आडवी पडून पायानं भिंतीला रेटा देत देत बोट पलीकडं काढायची. साडेतीन किलोमीटर, अंधारात, पाठीवर पडून. आत छत ढासळलंय म्हणून आता जाता येत नाही, तुम्ही घोड्याच्या वाटेनं वरनं जायचं. वर झाडीत मातीचे ढिगारे दिसतील, बोगद्यासाठी वरनं विहिरी पाडल्या होत्या त्यातला हा माल, त्याच्यावर आता मोठमोठी झाडं उभी आहेत.

पलीकडं डेनवेला उतरलात की मोडके लॉक सुरू. एकाच्या आत तर पुरुषभर उंचीपेक्षा मोठी झाडं वाढलीत. हा कालवा मेला त्याला एक कारण रेल्वे, १८४५ला ह्याच खोऱ्यातनं आली, आणि दुसरं कारण तुम्हाला लगेच पटेल, गळती. वरचा सगळा भाग चुनखडीच्या दगडातला, पाणी ठरतच नव्हतं. तळाला चिकणमाती तुडवून तुडवून थर दिलेला तरी फुटायचा, दुरुस्त केला की परत फुटायचा. शेवटी १९२७ला वरचा भाग सोडून दिला, १९३३ला उरलेला, आणि खालचा १९५४ला.

१९७२पासनं लोकांनी संस्था काढून तो परत उभा करायला घेतलाय. चॅलफर्डच्या खाली मला सात-आठ जण कामावर दिसले, बहुतेक सगळे तुमच्या वयाचे. एक आजी बसून जुन्या विटांचा चुना छोट्या हातोडीनं काढत होत्या, काढून झाला की वीट हातोडीनं वाजवून बघायच्या, टण्ण वाजली तर रचायची, बद्द आवाज आला तर बाजूला. एक माझ्या हातात दिली, कडेला कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते, ओल्या मातीत उमटलेले, तसेच भाजले गेलेले. ती वीट त्याच भिंतीत परत जाणार म्हणाल्या. मी बराच वेळ हातात धरून उभी होते.

चॅलफर्डला गोल तीन मजली घर दिसेल, ते चुकवू नका. आपला पाटकरी असतोय तसा तिकडं कालव्याचा राखणदार असायचा, त्याचं घर. पुढं ब्रिम्स्कोंबला मोठं बंदर होतं, तेसुद्धा बुजवून वर कारखाने बांधलेले. आणि स्ट्राउड जवळ आलं की एकदम पाणी, दारं लावलेले लॉक, बदकं. म्हणून म्हणते उलटं या, कोरड्याकडनं पाण्याकडं.

काकूंना एवढं करायला लावू नका, चढउतार आहे. त्यांना मुलाबरोबर स्टोनहाउस स्टेशनपासनं स्ट्राउडपर्यंत येऊ दे, वाट जवळजवळ सपाट, दोन्ही टोकाला रेल्वे स्टेशन, कंटाळा आला तर परत फिरता येतंय. तुम्ही संध्याकाळी स्ट्राउडला भेटा. बूट मात्र चांगले घाला, मे असला तरी चिखल असतोयच, आणि डब्यात धपाटे-चटणी न्या, वाटेत खायला मिळेलच असं नाही.

प्रश्न : ताई, मी निपाणीचा, सिव्हिल झालंय, सप्टेंबरला तिकडं शिकायला चाललोय. असल्या कामात आम्हाला घेतात का?

उत्तर : घेतात की! ठिकठिकाणच्या जुन्या कालव्यांवर सुट्टीत आठवड्याचे कॅम्प असतात, राहायचं, स्वतः रांधायचं आणि दिवसभर भिंत बांधायची नाहीतर झाडी तोडायची. तुझ्या व्हिसावर काय चालतंय ते आधी कॉलेजच्या ऑफिसात विचारून घे, मग नाव दे. चुन्याचं काम शिकून घे बाबा, आपल्याकडच्या जुन्या बांधकामाला सिमेंट थापणारे चिक्कार आहेत, चुना कालवता येणारा शोधून सापडत नाही.