घार इंजिनात गेली, तर?

उड्डाण होताच घार इंजिनात शिरली, तर विमान कोसळेल का? (वास्को)

एका घारीने नाही. दोन इंजिनांचं विमान एकावर चढून परत उतरू शकतं. ते सिद्ध केल्याशिवाय परवानाच मिळत नाही. घार इंजिनाच्या तोंडावरच्या पंख्याच्या कडेला आपटली, तर अवशेष गाभ्याबाहेरच्या (इंधन जळतं त्या आतल्या भागाबाहेरच्या) हवेबरोबर मागे फेकले जातात. एखादं टायटॅनियमचं पातं वाकतं, थरथर वाढते. गाभ्यात गेली, तर हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमधला प्रवाह तुटतो. मग धडाधड आवाज, मागून ज्वाळा, आणि केबिनमध्ये जळक्या मांसाचा वास, कारण बहुतेक विमानांत केबिनची हवा तिथूनच येते.

वैमानिक आधी विमान सरळ धरतो आणि चाकं वर घेतो. साधारण 400 फुटांखाली इंजिनाला हात लावायचा नाही. 2015 मध्ये तैपेईत घाईने चांगलं इंजिनच बंद केलं गेलं आणि विमान नदीत पडलं. उंची मिळाली की थ्रस्ट लिव्हर (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) मागे, इंधन बंद. आगीचा इशारा असेल, तर विझवणीची पहिली बाटली. 30 सेकंदांत तो गेला नाही, तर दुसरी.

मग वेर्ण्याजवळ मिग कसं पडलं? (पर्वरी)

तिथे थवा आडवा आला. 16 नोव्हेंबर 2019 रोजी नौदलाच्या मिग-29के प्रशिक्षण विमानाचं एक इंजिन विझलं, दुसऱ्याने पेट घेतला. दोघे वैमानिक इजेक्ट होऊन, म्हणजे खुर्चीसकट बाहेर फेकले जाऊन वाचले. प्रवासी विमानात ती सोय नाही, तिथे उंची कामी येते. 10 किलोमीटरवरून इंजिनांशिवाय दीडशेएक किलोमीटर तरंगत जाता येतं. 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कला कॅनडा गूजच्या थव्याने दोन्ही इंजिनं निकामी केली, ती जेमतेम 2,800 फुटांवर. म्हणून विमान हडसन नदीत उतरवावं लागलं. 155 जण वाचले.

इंजिनापुढे जाळी का नाही बसवत? (म्हापसा)

ताशी 250 किलोमीटरला किलोभराचा पक्षी अडवायचा, तर जाळी इतकी जाड लागेल की हवाच अडेल. ढगात तिच्यावर बर्फ धरेल. आणि तुटली, की तिचे तुकडे इंजिनात! त्यापेक्षा पक्षी परवडला.

घरामागे टाकलेल्या मासळीच्या घाणीचा विमानाशी काय संबंध? (चिखली)

दाबोळी विमानतळ तुमच्या उशाशी आहे. बांगड्याचे कल्ले आणि आतडी उघड्यावर पडली, की घारी त्यावर घिरट्या घालतात, नेमक्या उतरणाऱ्या विमानांच्या वाटेत. विमानतळापासून 10 किलोमीटरांत पक्षी ओढणारी घाण टाकायला 1937 च्या विमान नियमांत बंदी आहे. घाण माडाच्या आळ्यात पुरा, पण हातभर खोल. वरवर पुरली, तर कुत्री उकरतात आणि घारी पुन्हा हजर.