मराठी वैयक्तिक साइटना पुरस्कार द्यायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चार मित्र मिळून मराठीतल्या वैयक्तिक वेबसाइटसाठी पुरस्कार सुरू करताय, मागे कुठली कंपनी नाही, आणि निकष, गुण, मतदान, बॅज (विजेत्याने आपल्या साइटवर लावायचं छोटं चित्र) या सगळ्याचं काय करावं हे ठरत नाहीये. अशा उपक्रमांत परीक्षक म्हणून काम केलंय, त्यामुळे जरा लांबण लावतो. सगळं पटलंच पाहिजे असं नाही.

आधी एक विचारतो. पुरस्कार देऊन तुम्हाला काय मिळणार आहे? खवचटपणे विचारत नाही. या प्रकाराचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. 1994 मध्ये जिनिव्हाला वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे ‘बेस्ट ऑफ द वेब’ या पुरस्कारांचे निकाल लागले. त्याच वर्षी ‘कूल साइट ऑफ द डे’ सुरू झालं. एक माणूस रोज एक साइट निवडायचा, आणि एवढी गर्दी लोटायची की निवडलेल्या साइटचा सर्व्हर मान टाकायचा. मग ‘पॉइंट’ या साइटची परीक्षणं करणाऱ्या कंपनीचा ‘वेबवरच्या वरच्या पाच टक्क्यांत’ असं सांगणारा बॅज आला. पाच टक्के नेमके कितीपैकी, हे कोण मोजणार? पण बॅज सगळीकडे दिसू लागला, आणि पुढे लायकॉस या सर्च इंजिनवाल्यांनी ती कंपनीच घेऊन टाकली.

त्यानंतर जिओसिटीजवरचं (तिथे कुणालाही फुकट स्वतःची पानं बनवता यायची) प्रत्येक दुसरं होमपेज पुरस्कार ‘देऊ’ लागलं. कारण साधं होतं. बॅजवर क्लिक केलं की माणूस देणाऱ्याच्या साइटवर पोचायचा. 1998 मध्ये गूगल आलं, ते दुसऱ्यांनी दिलेल्या लिंका बघून पानांचा क्रम लावणारं, त्यामुळे या लिंकांना बाजारभावच आला. संक्रांतीच्या वाणासारखं झालं सगळं: तू मला दे, मी तुला देते, आणि दोघींच्या घरी प्लास्टिकचे डबे साठतात. आजही ‘तुमच्या साइटची निवड झाली आहे, प्रमाणपत्रासाठी शुल्क भरा’ अशा मेल येतात. त्या सरळ उडवाव्यात.

त्याच गर्दीत काही उपक्रम मात्र फार कडक होते, आणि तुम्ही शिकायचं ते त्यांच्याकडून. निकष लेखी आणि जाहीर. अर्ज करणाऱ्याने ते खरंच वाचलेत का हे कळावं म्हणून निकषांच्या पानातच कुठेतरी एक शब्द लपवलेला असायचा, तो अर्जात लिहिला नाही तर अर्ज बाद. आपोआप वाजणारं संगीत, तुटलेल्या लिंका, ‘काम चालू आहे’चे पिवळे फलक, यांचे गुण कापले जायचे. पुरस्कार देणाऱ्यांना दर्जा लावणाऱ्या याद्यासुद्धा होत्या! पण त्यांच्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे निकालासोबत येणारं पत्र: काय आवडलं, काय खटकलं, कुठल्या पानावर काय दुरुस्त करा. हौशी माणसाची साइट कुणीतरी शेवटच्या पानापर्यंत वाचली, हे त्याला त्या पत्रातून कळायचं.

म्हणून माझं मत: शंभरपैकी गुण वगैरे ठेवू नका. गुण फक्त चाळणीला वापरा. निवड झाली की दोनतीनशे शब्दांचं परीक्षण लिहा, त्याखाली परीक्षकाचं खरं नाव घाला, आणि ते जाहीर करा. ज्याबद्दल तुम्हाला दोनशे शब्द सुचत नाहीत, ती साइट पुरस्काराची नाही. नाकारलेल्यांनाही चार ओळी लिहा. वेळखाऊ काम आहे, पण स्वतंत्र पुरस्कारापाशी देण्यासारखं दुसरं असतं काय?

मतदानाबद्दल. वेब्बी या वेबसाइटसाठीच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत प्रत्येक विभागात दोन विजेते असतात, एक त्यांच्या अकादमीने निवडलेला आणि एक लोकांच्या मतांवरचा. त्यांच्या आकाराला ते झेपतं. तुमच्याकडे लोकमत ठेवलंत की कुणाचे व्हॉट्सॲप ग्रुप किती, याचाच मुकाबला होणार. ज्याचे मेव्हणे जास्त तो जिंकणार. 2023 मध्ये सुरू झालेले ‘टायनी अवॉर्ड्स’ बघा. छोट्या, खेळकर, विकायला काही नसलेल्या साइटसाठी आहेत. आधी निवडक माणसं यादी छाटतात, मगच मतदान होतं. पहिल्या वर्षी जिंकलेल्या साइटवर फक्त गोल फिरणारी सँडविचं आहेत. हसू नका, एकट्या माणसाच्या साइटला असला वेडेपणा परवडतो, आणि तुमच्या निकषांत त्याला जागा हवी. नाहीतर दरवर्षी नीटनेटक्या पोर्टफोलिओंनाच बक्षीस मिळेल.

आता मराठीपुरतं. इथे परदेशी निकष उचलून चालत नाहीत. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते, आणि टेम्पलेट इंग्रजीसाठी बनवलेलं असेल तर शीर्षकांत हे हमखास दिसतं. ओळी फार जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळे जड असतो, तेव्हा तीन-तीन फॉन्ट लादलेली साइट गावाकडच्या नेटवर उघडून बघाच. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवली आहे का, हेही तपासा. ती नोंद असेल तर काही फॉन्ट ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतात, आणि दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला (पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) कुठला आवाज लावायचा ते कळतं. आणि कुणाची जुनी साइट शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये अडकलेली असेल, म्हणजे फॉन्ट नसला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते, तर ती बाद करण्याआधी मालकाला ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी दिसेल अशा अक्षर-पद्धतीत, न्यायला मदत करा. अशा साइटवर कधीकधी असा मजकूर असतो जो दुसरीकडे कुठेच नाही.

मजकूर मात्र सगळ्यांच्या वर. हस्तलिखितासारखं दिसणारं पान असो की नुसतं पांढऱ्यावर काळं, आपल्या तालुक्यातल्या विहिरींची नोंद ठेवणारा माणूस मला सुंदर ॲनिमेशनवाल्यापेक्षा नेहमीच जवळचा वाटेल. हा माझा कल आहे. तुमचा वेगळा असेल तर तो जाहीर करा, लपवू नका.

बॅजविषयी थोडं तांत्रिक. बॅजचं चित्र विजेत्याने स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावं, तुमच्याकडून ओढू नये. आणि तुमच्याकडे लिंक देणं सक्तीचं अजिबात नको. उद्या तुम्ही डोमेनचं नूतनीकरण विसरलात, कुणी जुगारवाल्याने ते उचललं, की तुमच्या सगळ्या विजेत्यांची पानं त्याची जाहिरात करत बसतील. बॅजवर वर्ष लिहा, कारण 2025 ची चांगली साइट 2029 मध्ये ओसाड असू शकते.

विजेती साइट निकालाच्या दिवशीच वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात, साठवून ठेवा. वैयक्तिक साइट पटकन मरतात. याहूने 2009 मध्ये जिओसिटीज बंद केलं, तेव्हा हौशी लोकांनी धावपळ करून जमेल तेवढं वाचवलं म्हणून आज ते थोडंफार दिसतं. जुन्या पुरस्कारांच्या याद्या उघडल्या तर बहुतेक लिंका मेलेल्या असतात आणि विजेत्याचं फक्त नाव उरतं.

पैसे कुणाकडूनही घेऊ नका, प्रवेश शुल्क तर नकोच. परीक्षकांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या साइट स्पर्धेबाहेर. अर्जांची वाट बघत बसू नका, कारण चांगल्या साइट चालवणारी माणसं बहुधा अर्ज करतच नाहीत. निम्म्या तरी साइट तुम्हीच शोधून काढा, पण निवड जाहीर करण्याआधी मालकाला विचारा. काहींना गर्दी नको असते.

निकषांचा मसुदा झाला की इथेच टाका, वाचून काय वाटतं ते लिहितो.