दरवाजातून आत शिरल्यावर लगेच वळण का?

तुमचा प्रश्न असा आहे : जुन्या तटबंदीच्या शहरात दरवाजातून आत गेलं की रस्ता लगेच का वळतो, सरळ का नाही? आणि औरंगाबादला खरंच 52 दरवाजे होते का?

वळणाबद्दल माझं आणि माझ्या थोरल्या चुलतभावाचं 1998 च्या दिवाळीपासून वाजलेलं आहे, त्यामुळे ते आधी.

आम्ही पंधरा जण दौलताबादला गेलो होतो. दादा सिव्हिल इंजिनियर. महाकोटाच्या, म्हणजे तिथल्या बाहेरच्या तटाच्या, दरवाजात उभं राहून त्याने सगळ्यांसमोर निकाल दिला, "आखणीच चुकलीय. सरळ काढला असता तर पन्नास पावलं वाचली असती." मी म्हटलं, अरे, हे मुद्दाम केलंय. तर म्हणे, "तू पुस्तकं वाचतोस, मी बांधकामं करतो." वहिनी हसल्या. ते हसणं मला अजून आठवतं.

तेवढ्यात मागून आमची दोन पोरं गुंडाळलेली सतरंजी खांद्यावर घेऊन धावत आली. पुढचा वळणावर वळला, मागचा वेगात सरळ गेला आणि सतरंजीसकट भिंतीवर आपटला. कोपर सोलवटलं. मी दादाला म्हटलं, आता सतरंजीच्या जागी ओंडका धर आणि पोरांच्या जागी शंभर माणसं. दादा म्हणाला, "पोरं धांदरट आहेत."

मुद्दा एवढाच आहे. कवाड फोडायला हत्ती किंवा ओंडका लागतो आणि दोघांनाही धाव लागते. वळणावर ती मोडते. शिवाय पहिला दरवाजा पडला तरी शत्रू मोकळ्यावर येत नाही, चारी बाजूंनी भिंती असलेल्या चौकात सापडतो आणि वरून, जंग्यांमधून (तटातल्या मारा करायच्या भोकांमधून), मारा सुरू होतो. याला रणमंडळ म्हणतात. कवाडावरचे अणकुचीदार सुळे हत्तीने डोकं टेकू नये म्हणून आहेत, नक्षी नव्हे. (दादाच्या मते नक्षी.) तिथल्या एका चौकटीत अडसराचं भोक आहे, त्यात हात घातला तर खांद्यापर्यंत आत गेला. अख्खी तुळई दिवसा भिंतीत सरकवून ठेवायची आणि रात्री ओढून कवाडामागे आडवी घालायची. बिजागऱ्या शोधू नका. कवाडाचा खांबच वरच्या आणि खालच्या दगडी खोबणीत फिरायचा. हे सगळं करणाऱ्या माणसाला सरळ रेघ मारता येत नव्हती म्हणे!

आता 52. हा आकडा सगळे सांगतात, पण मोजून दाखवणारा मला भेटलेला नाही. औरंगजेबाने 1682 मध्ये बांधलेल्या तटात मुख्य दरवाजे चार : उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मकई. आणखी नऊ दुय्यम. बाकीचा आकडा किले अर्क (औरंगजेबाचा राजवाडा) आणि बेगमपुरा इथले दरवाजे, मोहल्ल्यांचे दरवाजे आणि खिडक्या, म्हणजे तटातली छोटी दारं, धरून भरतो. नावं सरळ आहेत, ज्या गावाकडे तोंड ते नाव. मकई म्हणजे मक्केकडचा.

भडकल दरवाजा मात्र या हिशोबात घुसडू नका. तो निजामशाहीच्या मलिक अंबरने 1612 मध्ये मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधला, म्हणजे औरंगजेबाच्या तटाच्या सत्तर वर्षं आधी, गावाचं नाव खडकी होतं तेव्हा. तो अडवायला नाही, मिरवायला आहे. म्हणून आरपार सरळ. चारच वर्षांनी, 1616 मध्ये, मुघलांनी येऊन खडकी लुटली, हा भाग वेगळा.

तेव्हा सगळेच दरवाजे वाकडे असतात असं समजू नका, हे आधी सांगायला हवं होतं. आणि वळण असलं म्हणून किल्ला वाचतोच असंही नाही. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजीने वेढा घातला तेव्हा देवगिरीत, म्हणजे याच दौलताबादेत, धान्य म्हणून साठवलेल्या गोण्यांत मीठ निघालं असं सांगतात. तिथे कवाड काय करणार?

बघायला जाल तर आधी दौलताबाद करा, शहरातले दरवाजे नंतर. आणि बरोबर कुणी रुंदीकरणवाला असेल तर त्याला पार्किंगमध्येच बसवा. दादाचं अजूनही मत आहे की हे दरवाजे वाहतुकीला अडथळा आहेत, पाडा. अरे, दोन्ही बाजूंनी रस्ता काढता येतो, तेवढं तर तुझ्या पुस्तकात असेल!

गेल्या वर्षी त्याने स्वतःचं घर बांधलं. वास्तुशांतीला गेलो. फाटकातून आत शिरलो तर समोर आडवी भिंत, दार डावीकडे वळून. मी विचारलं, हे असं का रे? म्हणाला, "सरळ ठेवलं असतं तर रस्त्यावरून येणारा कुणीही थेट आत घुसला असता."