वाचक विचारतात: कोलन म्हणजे ‘किंवा’

प्रश्न: मी बरीच वर्षं साध्या दोन कंट्रोलरवाल्या स्टोरेजवर काम केलंय. आता आमच्याकडे आयसिलॉन, म्हणजे नव्या नावाने पॉवरस्केल, हे अनेक नोड्स (सर्व्हर) एकत्र जोडून बनणारं स्टोरेज आलंय आणि त्याच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं सर्टिफिकेशन करायचंय. स्टडी गाइड दोनदा वाचलं पण +२डी:१एन, +३डी:१एन१डी असलं काही दिसलं की डोकंच चालत नाही. पाठ करू का सरळ? आणि हार्डवेअर हाताशी नाही, प्रॅक्टिस कशावर करायची?

उत्तर: पाठ करू नका हो, परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं एकमेकांत मिसळतं. तुमची अडचण वेगळीच आहे, तुमच्या डोक्यात अजून रेड ग्रुप, म्हणजे एकत्र सांभाळला जाणारा डिस्कचा ठरावीक संच, ठाण मांडून बसलाय. वनएफएसमध्ये, म्हणजे पॉवरस्केलच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, रेड ग्रुप नाही, लन (डिस्कच्या जागेतून कापून दिलेला भाग) नाही, सगळ्या नोड्सच्या डिस्क मिळून एकच फाइल सिस्टिम, आणि प्रोटेक्शन लागतं ते डिस्कला नाही, फाइलला. एवढं एक पटलं ना की पुढचं सोपं आहे. फाइलचे १२८ केबीचे तुकडे करून ते वेगवेगळ्या नोडवर ठेवतात आणि सोबत हिशोबाने काढलेले प्रोटेक्शनचे तुकडे.

आता डी म्हणजे ड्राइव्ह, एन म्हणजे नोड, आणि कोलन म्हणजे ‘किंवा’. +२डी:१एन म्हणजे दोन ड्राइव्ह गेले तरी चालेल किंवा एक अख्खा नोड गेला तरी चालेल, दोन्ही एकदम नाही. +३डी:१एन१डी म्हणजे तीन ड्राइव्ह, किंवा एक नोड आणि वर एक ड्राइव्ह. पर्याय वाचताना ‘किंवा’ आणि ‘आणि’ यावरच पाय घसरतो, मीसुद्धा घसरलोय.

जागेचा हिशोबही बोटांवर होतो. +२डी:१एन ला प्रत्येक नोडवर दोन तुकडे धरा. ३ नोड म्हणजे ६ तुकडे, त्यातले २ प्रोटेक्शनचे, म्हणजे ४+२, एक तृतीयांश जागा गेली. ६ नोड झाले की १०+२, आता फक्त सहावा हिस्सा. प्रोटेक्शन तेच, नोड वाढले म्हणून स्वस्त पडलं. पण १२८ केबी किंवा त्याहून छोट्या फाइलींना हे लागू नाही, त्यांच्या सरळ पूर्ण कॉप्या ठेवतात, या लेव्हलला तीन. म्हणून बारक्या फाइलींचा ढीग असला की जागा कुठे गेली म्हणून लोक डोकं धरून बसतात.

प्रॅक्टिससाठी वनएफएसचा सिम्युलेटर मिळतो, व्हर्च्युअल मशीनवर चालतो. क्लस्टर, म्हणजे नोड्सचा गट, ३ नोडपासून होतो पण तुम्ही ४ बनवा आणि मग खुशाल मोडा. एक नोड बंद करा, काम चालू राहील. बघा, डेटा पुन्हा बांधायचं काम आपोआप सुरू होत नाही, कारण नोड थोडा वेळ बंद पडून परत येऊ शकतो असं सिस्टिम धरून चालते, त्याला स्मार्टफेल, म्हणजे रीतसर बाद, तुम्हीच करायचं. ड्राइव्ह खराब झाला तर मात्र डेटा पुन्हा बांधणारा फ्लेक्सप्रोटेक्ट जॉब स्वतःहून लागतो. मग दुसराही नोड बंद करा. आता चारातले दोन, म्हणजे निम्मे, बहुमत नाही, कोरम गेला आणि लिहिणं बंद. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की कोरमवरचा प्रश्न विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. फक्त स्पीडचा अंदाज सिम्युलेटरवरून बांधू नका, तो त्यासाठी नाहीच.

प्रश्न: क्लायंट नोड्सवर वाटून देणारं पॉवरस्केलचं स्मार्टकनेक्ट लावलं, आळीपाळीने वाटणारं राउंड रॉबिनही ठेवलं, तरी सगळे क्लायंट एकाच नोडवर जाऊन बसतात. मला काय समजलं नाहीये?

उत्तर: नव्वद टक्के वेळा डीएनएसमध्ये झोनच्या (क्लायंट ज्या नावाने क्लस्टरला जोडतात त्या) नावाचा सरळ ए रेकॉर्ड, म्हणजे नावापुढे एकच ठरलेला आयपी, केलेला असतो, मग दरवेळी तोच आयपी मिळणार, दुसरं काय होणार. तिथे डेलिगेशन, म्हणजे त्या नावाचं उत्तर देण्याचं काम दुसऱ्याकडे सोपवणं, हवं: झोनसाठी एनएस रेकॉर्ड, तो एका होस्टनेमकडे, आणि त्या होस्टनेमचा ए रेकॉर्ड स्मार्टकनेक्टच्या सर्व्हिस आयपीकडे. मग उत्तर क्लस्टर स्वतः देतो आणि कॅश होऊ नये म्हणून टीटीएल (उत्तर किती वेळ जपून ठेवायचं ती मुदत) शून्य ठेवतो. एनएसलुकअप चारपाच वेळा मारा, आयपी बदलत गेला की जमलं. जाता जाता, फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलपैकी एनएफएस व्हर्जन ३ ला डायनॅमिक आयपी पूल (नोड पडला की त्याचे आयपी दुसऱ्या नोडवर जातात) आणि एसएमबीला स्टॅटिक, कारण एसएमबीचं सेशन आयपी दुसऱ्या नोडवर उचलला की तुटतं.

प्रश्न: एका नोट्समध्ये जास्तीत जास्त १४४ नोड लिहिलंय, दुसरीकडे २५२. खरं काय? आणि मित्राकडे डम्प्स (परीक्षेतून फुटलेले प्रश्न-उत्तरं) आहेत, तेवढ्यावर भागेल का?

उत्तर: दोन्ही खरं, १४४ जुनं, वनएफएस ८.२ पासून २५२. म्हणून आधी परीक्षेच्या पानावर व्हर्जन बघायचं आणि मगच नोट्स उघडायच्या. पॉवरस्केल हे नाव २०२० चं, त्यामुळे जिथे फक्त आयसिलॉनच लिहिलंय ते साहित्य जुनं असायची शक्यता धरा. डम्प्सचं म्हणाल तर त्यातली उत्तरं बऱ्याचदा चुकीची असतात, वर परीक्षेआधी मान्य केलेला नियम मोडतो आणि रिझल्ट रद्द होऊ शकतो. त्यापेक्षा तो वेळ सिंकआयक्यूला, म्हणजे एका क्लस्टरवरचा डेटा दुसऱ्यावर नेणाऱ्या सोयीला, द्या. ‘सिंक’ पॉलिसीत सोर्सवर डिलीट केलेली फाइल टार्गेटवरूनही जाते, ‘कॉपी’ पॉलिसीत राहते. सिम्युलेटरवर दोन्ही एकेकदा करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.