धर्मग्रामात (म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या मंडळीत) सेवाकार्य केल्याने खरंच आपली माणसं मिळतात का?

तुम्ही लिहिलंय की नव्या जागी येऊन दीड वर्ष झालं. दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला, जाता, मागच्या बाकावर बसता आणि शेवटचं गीत संपायच्या आत बाहेर पडता. ओळखीचं कुणी नाही. स्वयंसेवक म्हणून नाव द्यावंसं वाटतं, पण आपली श्रद्धा तेवढी पक्की नाही म्हणून पाय मागे येतो. मी चार वर्षं अशीच बाहेर पडत होते, म्हणून लिहायला बसले.

माझी सुरुवात खुर्च्यांपासून झाली. एका शनिवारी संध्याकाळी सभागृहात एक वयस्कर बाई एकट्याच खुर्च्या लावत होत्या. मी जाता जाता चार उचलून दिल्या. त्यांनी आभार वगैरे मानले नाहीत. "पुढच्या शनिवारी साडेपाचला ये," एवढंच म्हणाल्या. मी गेले, मग त्याच्या पुढच्याही शनिवारी गेले. तिसऱ्या महिन्यात तापाने पडले आणि जाऊ शकले नाही, तर रविवारी सकाळी त्यांचा फोन: "काल आली नाहीस, बरी आहेस ना गं?" फोन ठेवल्यावर मी रडले. चार वर्षांत मी कितीतरी रविवार चुकवले होते आणि एकदाही ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यात लोकांचा काही दोष नव्हता. माझ्या न येण्याने कुणाचं काही अडतच नव्हतं, तर कळणार कसं?

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: हो, माणसं मिळतात, पण ओळखी वाढवायला गेलं की फारशा वाढत नाहीत. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एखादं लहानसं काम आपल्यावर सोपवलेलं असलं की त्या कामाच्या आजूबाजूची माणसं हळूहळू आपली होतात. मी आजही कुणाशी आपणहून जाऊन बोलणाऱ्यातली नाही. हातात काम असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही.

श्रद्धेचं म्हणाल, तर पात्रतेची परीक्षा घेऊन कुणी कामाला घेत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1965 मध्ये प्रापंचिकांच्या (धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांच्या) प्रेषितकार्यावर, म्हणजे ख्रिस्ताचं काम पुढे नेण्यावर, एक स्वतंत्र हुकूमनामाच काढला. त्यात स्पष्ट म्हटलंय की सामान्य माणसाला हे कार्य करण्याचा हक्क आणि कर्तव्य दोन्ही ख्रिस्ताशी असलेल्या नात्यातून, बाप्तिस्म्यातून येतात. धर्मगुरूंना मनुष्यबळ कमी पडतंय म्हणून आपल्याला बोलावलेलं नाही. हे कळल्यावर माझा संकोच बराच गेला.

पुढे मला मिस्सात बायबलमधले उतारे वाचायचं काम मिळालं. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. म्हणजे आज वाचलेला उतारा सहसा पुन्हा तीन वर्षांनीच समोर येतो. मी गुरुवारपासून घरात मोठ्याने वाचायला लागायचे. जे शब्द लहानपणापासून कानांवरून जात होते, ते पहिल्यांदा तोंडातून नीट उच्चारावे लागले. माझी प्रार्थना तिथून परतली असं मला वाटतं.

पण जगण्याला काही अर्थ आहे असं ज्याला म्हणतात, ते मला आजाऱ्यांच्या घरी सापडलं. 1973 मध्ये रोमने, म्हणजे पोपच्या कार्यालयाने, एका सूचनापत्राने नेमलेल्या प्रापंचिकांनाही कम्युनियन (ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर) देण्याची वाट मोकळी केली. आमच्याकडे त्यासाठी थोडं प्रशिक्षण होतं, मग नेमणूक झाली. झाकणाची एक छोटी गोल डबी असते, तिच्यात ख्रिस्तशरीर घेऊन थेट त्या घरी जायचं. वाटेत दुसरं काम उरकायचं नाही, कुणाशी गप्पा मारत थांबायचं नाही. त्या पंधरावीस मिनिटांच्या चालण्याइतकं शांत मला एरवी क्वचितच वाटतं. एक अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत. मी जाते तेव्हा त्या केस विंचरून, चष्मा पुसून बसलेल्या असतात. एकदा म्हणाल्या, "पहिल्या शुक्रवारी तू येतेस ना, म्हणून महिना कधी सुरू झाला ते मला कळतं." त्या दिवसापासून मी पहिल्या शुक्रवारी दुसरं काहीही ठरवत नाही.

तुम्हाला गरिबांसाठी काही करायचं असेल तर सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा आहे का ते विचारा. फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर 1833 मध्ये पॅरिसला ती सुरू केली, तेव्हा तो जेमतेम 20 वर्षांचा होता. तुमचा धर्म आज गरिबांसाठी काय करतो, असं त्याला वादसभेत विचारलं गेलं होतं. ती मुलं लोकांच्या घरी जाऊ लागली, आणि घरी जाऊन भेटणं हेच आजही त्या कामाचं मूळ आहे. सभासद सहसा जोडीने जातात. नवख्या माणसासाठी ही फार चांगली सोय आहे, कारण शेजारी जुना माणूस असतो.

हिशेबाची आवड असेल तर तिकडेही जागा असते. कॅथलिक धर्मनियमांप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती ठेवावीच लागते. मुलांना धर्मशिक्षण द्यायचं असेल तर तपासणी, प्रशिक्षण आणि वर्गात दुसरं मोठं माणूस, असे नियम सांगितले जातील. ते आनंदाने पाळा, मुलांसाठी ते हवेतच.

एक चूक मात्र करू नका. दुसऱ्या वर्षी मी वाचन, गायनवृंद, फुलांची सजावट, धर्मशिक्षण आणि आजारीभेट अशी पाच कामं अंगावर घेतली. मिस्सात बसून माझं लक्ष माइकच्या वायरीकडे. प्रार्थना बाजूलाच राहिली. शेवटी तीन कामं सोडली, आणि सोडल्यावर आकाश कोसळलं नाही. त्याच काळात फुलांवरून एका बाईंशी कडाक्याचं भांडण झालं आणि दोन महिने आम्ही बोललो नाही. पण दर रविवारी मिस्सात आजूबाजूच्यांशी हात मिळवून शांतीचं चिन्ह देण्याची वेळ यायची आणि त्या नेमक्या माझ्या पुढच्या बाकावर असायच्या. त्यांना मागे वळून हात पुढे करावाच लागायचा. आठव्या की नवव्या रविवारी त्यांनी हात लवकर सोडला नाही. आज माझ्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. समविचारी मैत्रिणी मला इतरत्रही मिळाल्या असत्या. जिच्याशी पटत नाही तिच्याशीही नातं टिकवायला मी इथे शिकले, आणि हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

तर या रविवारी शेवटचं गीत संपेपर्यंत थांबा. दाराशी धर्मगुरू भेटतील. "काही मदत लागली तर सांगा," असं म्हणू नका. त्याला सगळे हो म्हणतात आणि विसरतात. "मी शनिवारी चार ते सहा मोकळी असते, त्या वेळेत काय करू?" असं विचारा, आणि पहिले सहा महिने तेवढं एकच काम धरा.